थायलंडला व्हिसा लागत नाही, मग नोकरी करता येते का?

‘बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, व्हिसाची कटकट नाही’ असा मेसेज सोलापुरातल्या तरुणाला आला, तर धोका त्याच्या उत्तरार्धातच आहे. थायलंडने 15 जुलै 2024 पासून भारतीयांना विनाव्हिसा 60 दिवस राहण्याची मुभा दिली. पण तिच्यावर नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतो.

याच सवलतीआडून टोळ्या तरुणांना माए सोतमार्गे म्यानमारच्या म्यावाडीत नेतात, डांबून ऑनलाइन फसवणुकीला जुंपतात. फेब्रुवारी 2025 मध्ये थायलंडने सीमेपलीकडच्या या भागाची वीज तोडली. मार्चमध्ये सुटका झालेल्या 549 भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले.

निघण्याआधी ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासा. ‘आधी पर्यटक म्हणून जा’ म्हणणाऱ्याला पैसे आणि पासपोर्ट देऊ नका.