कप्प्यामागचा आकडा

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आकड्याच्या आधी त्यापुढच्या शब्दाकडे जाते : ‘नॉर्मल’, ‘बॉर्डरलाइन’, ‘हाय’. सलग वाढत जाणाऱ्या आकड्यांचे असे मोजके कप्पे पाडणे सोयीचे असते. त्या सोयीत काय झाकले जाते, हे आमच्या सांताक्रूझच्या पावसावरून चांगले समजते.

हवामान खात्याच्या आजच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटरपासून पुढचा पाऊस मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ किंवा त्याहून अधिक असेल तर तो सर्वांत वरच्या कप्प्यात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदवला. या वर्गीकरणात २१० आणि ९४४ शेजारी शेजारी बसतात. मुंबईकर मात्र त्या दोहोंना कधीही एक म्हणणार नाहीत. उलट २०४ आणि २०५ यांत फरक नाममात्र, पण कप्पे वेगळे.

रक्तशर्करेचेही तसेच आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहाची पूर्वावस्था आणि १२६ पासून मधुमेह, असे प्रचलित निकष सांगतात. मग १२५ वाल्याने निश्चिंत राहावे आणि १२६ वाल्याने हाय खावी का? दोघांची प्रकृती जवळपास सारखीच असते. मात्र १३० आणि ३२० हे एकाच कप्प्यात असूनही त्यांची निकड सारखी नसते. शिवाय या सीमारेषा माणसांनीच आखलेल्या आहेत. १९९७ पूर्वी मधुमेहाची ही रेषा १४० वर होती.

आता संगणकही रुग्णांच्या नोंदींवरून आजाराच्या जोखमीचा अंदाज बांधायला शिकतो. या मशीन लर्निंगमध्ये वय, रक्तदाब, साखर यांचे कप्पे करण्याची पद्धत आहे. तिचा लाभ असा, की किरकोळ चढउतारांनी अंदाज डळमळत नाही. शिवाय साखर फार कमी आणि फार जास्त, दोन्ही घातक, ही गोष्ट साध्या गणितालाही पकडता येते. तोटा असा, की साठ ते एकोणसत्तर असा कप्पा केला, की यंत्राला साठीचे आजोबा आणि एकोणसत्तरीचे आजोबा एकच दिसतात. म्हणून ॲपने ‘कमी जोखीम’ म्हटले, तरी तो शब्द अंतिम मानू नये.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी वहीत ‘साखर हाय’ असे न लिहिता प्रत्यक्ष आकडा, तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर आणि घेतलेले औषध लिहावे. एका आकड्यापेक्षा महिन्याभराची चाल डॉक्टरांना अधिक सांगते. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले, तर वहीची वाट पाहू नये. व्यक्ती शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून कोणीही गोळी परस्पर बंद करू नये. तो आकडा पुष्कळदा त्या गोळीमुळेच नॉर्मल असतो.