मास्तरांना चौकशी, मुलाला दाखला

‘तंबाखूमुक्त शाळा’ ही पाटी आता महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर दिसते. तिचा अर्थ मात्र पाटीखालून कोण जात आहे, यावर ठरतो. नववीतील मुलाच्या दप्तरात पुडी सापडली, की ती प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उंच धरली जाते, पालकांना बोलावणे धाडले जाते आणि ‘स्वखुशीने दाखला मिळावा’ असा अर्ज त्यांच्याकडून लिहून घेतला जातो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तळहातावर तंबाखू मळली जाते, तेव्हा मात्र तो गुरुजींचा खासगी प्रश्न ठरतो. कित्येकदा ती पुडी आणावयास टपरीवर पाठविला जातो तो विद्यार्थीच!

हा पंक्तिप्रपंच कायद्याने शिकविलेला नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद केली. कायद्याचा रोख, म्हणजे, मुलापर्यंत व्यसन पोहोचविणाऱ्या प्रौढांवर आहे. शाळांनी तो मुलावरच वळविला.

येथे एक सोपा परंतु घातक निष्कर्ष पुढे येतो: मग शिक्षकांनाही तसेच तडकाफडकी काढा. संस्थाचालकांना हे ऐकून आनंदच होईल. नावडत्या शिक्षकाला घालविण्यासाठी त्यांना निमित्तच हवे असते. खासगी शाळांतील कायम शिक्षकाला आज आरोपपत्राविना, चौकशीविना काढता येत नाही. चौकशी समितीत त्याने सुचविलेला एक सदस्य असतो आणि निकालाविरुद्ध त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी दिलेले हे संरक्षण शिक्षकांच्या हक्काचे आहे. त्याला धक्का लावणाऱ्या कोणत्याही शुद्धीकरण-मोहिमेला आपला विरोधच असला पाहिजे.

प्रश्न आहे तो इतकाच, की जे संरक्षण पन्नाशीच्या पगारदार माणसाला न्याय्य वाटते, ते चौदा वर्षांच्या मुलाला का नको? शिक्षणहक्क कायद्याने (२००९) आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली आहे. पण ‘स्वखुशीच्या’ अर्जाने ती तरतूद निष्प्रभ होते आणि नववीपासून तर तिचाही आधार उरत नाही. त्या मुलाला ना आरोपपत्र, ना बाजू मांडण्याची संधी, ना अपील. अमली पदार्थविरोधी १९८५ चा कायदा एरवी किती कठोर! तोही अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार स्वीकारल्यास त्याला खटल्यापासून सूट देतो. कायदा ज्याला उपचाराची वाट दाखवितो, त्याला शाळेने दार दाखवावे, यास शिस्त म्हणावयाचे काय?

२०१९ च्या राष्ट्रीय युवा तंबाखू पाहणीत तेरा ते पंधरा वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले; म्हणजे पन्नासांच्या वर्गात सरासरी चार. या चौघांची शिक्षाही सारखी नसते. डॉक्टरच्या मुलाला समज मिळते, ऊसतोड मजुराच्या मुलाला दाखला. पहिल्याचे वर्ष वाचते. दुसरा टपरीवर किंवा फडात कामाला लागतो, आणि तेथे तंबाखू सोडविणारा कोणी नसतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायदाच सांगतो. ज्या शाळांत अशा समित्या आहेत तेथील आपल्या कार्यकर्त्यांनी, आणि इतरत्र पालकसभांतून, तीन मागण्या लावून धराव्यात: शाळेच्या आवारात तंबाखूबंदी सर्वांना सारखी असावी, व्यसनाच्या कारणावरून कोणत्याही मुलाचा दाखला काढला जाऊ नये, आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्या शिक्षकाला व विद्यार्थ्याला उपचाराची सारखीच सोय मिळावी. शिक्षक संघटनांनी या मागण्यांच्या अग्रभागी राहावे. आपल्यासाठी मिळविलेला न्याय समोरच्या बाकावरील मुलालाही मिळावा, असा आग्रह जी संघटना धरील, तिच्या हक्कांवर घाला घालणे कोणत्याही संस्थाचालकाला सोपे जाणार नाही.