पार्माच्या पद्धतीची फळी

पाहुण्यांसमोर मांस-चीजची फळी ठेवायची तर ती इटलीतल्या पार्मा शहराच्या पद्धतीनं ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. तिथल्या फळीवर जिन्नस मोजकेच, पण एकमेकांच्या नात्यातले असतात. पार्मिजानो-रेज्जानो हे चीज करताना उरलेलं निवळ पाणी हॅमसाठी पोसलेल्या डुकरांना पाजण्याची तिथे जुनी रीत आहे. त्या डुकरांच्या मांडीला फक्त मीठ लावायचं आणि वर्षाहून अधिक काळ ती टांगून मुरवायची, की झालं प्रोश्शुत्तो. त्याचे काप इतके पातळ हवेत की खालचं लाकूड दिसावं. कडेची पांढरी चरबी मात्र कृपा करून काढू नका, सगळा गोडवा तिच्यात असतो. चीज २४ महिने मुरलेलं मिळालं तर उत्तम. त्याच्या चौकोनी वड्या पाडू नयेत. आखूड, बोथट सुरीचं टोक खुपसून पिळलं की रवाळ ढेकळं सुटतात. त्यातले कुरकुरीत पांढरे कण हे मीठ नव्हे, मुरताना तयार झालेले टायरोसिनचे स्फटिक आहेत. चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढा, हॅम मात्र आयत्या वेळी कापून घ्या, नाहीतर कडा सुकतात. द्राक्षं, बिस्किटं, जॅमच्या वाट्या यांची गर्दी मला खपत नाही. त्यापेक्षा तिथली तोर्ता फ्रित्ता तळा. ती आपल्या पुरीसारखीच फुगते, आणि गरम असतानाच तिच्यावर हॅमचा काप टाकला की चरबी लगेच विरघळू लागते.