स्वयंसेवेच्या हिशेबात बाई कुठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थिनी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन खडकवासल्यात आमच्या आळीत आल्या. ‘वयोगटानुसार स्वयंसेवा आणि लोकसहभाग’ असा त्यांच्या प्रकल्पाचा विषय होता. मुली उन्हानं लालबुंद झाल्या होत्या. त्यांना पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि आळीतल्या सात-आठजणींना हाका मारल्या. पहिलाच प्रश्न असा : गेल्या चार आठवड्यांत आपण एखाद्या संस्थेमार्फत विनामोबदला सामाजिक काम केले आहे काय? एकेकीनं ‘नाही’ सांगितलं. ‘आम्ही कुठं काय करतो बाई, घरचंच आवरत नाही.’ मुलींनी निमूटपणे ‘नाही’वर खुणा केल्या. मग ज्येष्ठ नागरिक संघात जाणारे एक आजोबा आले. हास्यक्लब, वृक्षारोपण, व्याख्यानमाला असं सांगत त्यांनी पाच मिनिटांत अर्धा फॉर्म भरून काढला.

‘नाही’ म्हणणाऱ्या त्या बायका मला चांगल्या ठाऊक आहेत. एकीनं त्याच महिन्यात बाळंतीण शेजारणीच्या थोरल्या मुलाला आठ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. दुसरीनं मयत झालेल्या घरी तीन दिवस पिठलं-भात पोचवला होता. तिसरी, नवऱ्यानं डोकं फोडलेल्या एका बाईला घेऊन रात्री अकरा वाजता पोलीस चौकीत गेली आणि दोन वाजेपर्यंत तिथल्या बाकावर तिच्याशेजारी बसून राहिली. मी सोबत होते म्हणून सांगते. माझ्या फॉर्मवर त्या रात्रीचं ‘होय’ पडलं, कारण माझ्यामागे संघटनेचा फलक आहे. तिच्या फॉर्मवर ‘नाही’ पडलं. चौकी तीच, बाक तोच, जागरणही तेवढंच. ती फक्त ‘शेजारीण’ होती.

दोष त्या मुलींचा नाही. त्यांना फॉर्म जसा मिळाला तसा त्यांनी भरून घेतला. मोठी माणसं, मोठ्या कचेऱ्या तरी वेगळं काय करतात? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसभरात विनामोबदला स्वयंसेवा, प्रशिक्षणार्थी म्हणून केलेलं काम व इतर बिनपगारी काम करणाऱ्यांचं प्रमाण त्यात पुरुषांमध्ये २.७ टक्के आणि स्त्रियांमध्ये २.० टक्के निघालं. म्हणजे सरकारी कागदानुसार समाजासाठी झटण्यात पुरुष आपल्या पुढे! त्याच पाहणीत आणखी एक रकाना आहे. गाठीभेटी-गप्पा, लोकसहभाग आणि धार्मिक आचार, सगळं एकत्र. त्यात पुरुष ९१.४ टक्के, स्त्रिया ९१.३ टक्के. पारावर तंबाखू मळत बसलेला गडी आणि पाण्याच्या प्रश्नावर सभेत उभी राहिलेली बाई एकाच टोपलीत! इतकी सुबक समानता पाहून मला तर हसूच आलं.

गंमत म्हणजे ही चूक टाळायची कशी हे जगाला ठाऊक आहे. स्वयंसेवा कशी मोजावी यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. संस्थेच्या मध्यस्थीशिवाय, आपल्या घराबाहेरच्या माणसासाठी थेट केलेलं कामही ती स्वयंसेवेत धरते. शिवाय ‘स्वयंसेवा’ हा शब्दच प्रश्नात वापरू नका, असं बजावते, कारण लोक त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावतात. आमच्या आळीतल्या बायकांनी तेच केलं. त्यांच्या लेखी ‘सामाजिक काम’ म्हणजे बिल्ला, फोटो आणि नारळ. ‘गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या घरचं आजारपण काढलंत का?’ असं विचारलं असतं तर फॉर्म अपुरे पडले असते.

आता वयोगटांकडे येऊ, कारण खरी मेख तिथं आहे. तरुणांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ पासून ती महाविद्यालयांतून चालते. दोन वर्षांत २४० तास भरले की प्रमाणपत्र हातात पडतं. निवृत्तांसाठी संघ आहेत, मंडळं आहेत. आमच्या धरणाचंच पाहा. गाळ काढण्याच्या आणि काठावर झाडं लावण्याच्या कामात निवृत्त लष्करी मंडळींनी पुढाकार घेतला, त्याची वर्तमानपत्रांतून योग्य ती दखल घेतली गेली. काम चांगलंच आहे. माझा प्रश्न एवढाच की, सकाळी सहा वाजता धरणावर जाणाऱ्या गृहस्थाचा चहा, डबा आणि घरातली म्हातारी आई कोण पाहतं? मधल्या वयाची बाई. २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे ३०५ मिनिटं बिनपगारी घरकामात गेल्याचं दिसतं. पाच तासांहून जास्त, आणि मुलाबाळांची, आजाऱ्यांची देखभाल त्याशिवाय. मग संशोधक लिहितात की मधल्या वयात स्त्रियांचा सहभाग ‘घटतो’. घटत नाही बाबांनो, तो तुमच्या फॉर्मखाली गाडला जातो.

आणि हीच मधल्या वयाची बाई सरकारला मात्र अचूक सापडते. २००५ मध्ये आशा योजना आली तेव्हा कोण निवडायची ठरलं? त्याच गावात राहणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो २५ ते ४५ वयाची बाई. तिला नाव दिलं ‘स्वयंसेविका’. पगार नाही, मोबदला कामागणिक. कोविडमध्ये ती घरोघर फिरली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला तेव्हा टाळ्या भरपूर पडल्या. अंगणवाडी ताईंचीही तीच कथा. १९७५ पासून त्या ‘मानधना’वर राबतात आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडलं.

पाहा काय चलाखी आहे! बाई आपणहून समाजासाठी राबते तेव्हा ते ‘घरचं’. आणि जी चक्क नोकरी आहे, तिला म्हणायचं ‘सेवा’. पहिल्यात मान बुडतो, दुसऱ्यात पैसा.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गीयाँ-बारे आजाराची साथ आली. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. दूषित पाण्याकडे बोट गेलं. पुण्याला पाणी देणारं धरण आमच्या उशाशी, आणि नांदेडच्या विहिरीचं पाणी आसपासच्या गावांना शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरिन टाकून मिळत होतं. त्या दिवसांत पाणी कोणी उकळलं? ज्या घरचं माणूस दवाखान्यात होतं त्या घरच्या पोरांना जेवू कोणी घातलं? त्या कामाची नोंद कोणत्या रकान्यात झाली?

आणि तक्रार न्यायची तरी कुठे? जून २०२१ मध्ये आमचं गाव महापालिकेत गेलं. त्यासरशी ग्रामपंचायत गेली. तिथल्या अर्ध्या राखीव जागा गेल्या. ग्रामसभेआधी कायद्यानं घ्यावी लागणारी महिला सभाही गेली. ती पुष्कळदा नुसत्या सह्यांची असायची, हे कबूल. पण भांडायला जागा होती. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचं राज्य राहिलं. कायद्यातली क्षेत्रसभा आमच्या आळीत कुणी पाहिलेली नाही. बसायला सतरंजीच नाही आणि वर विचारतात, बायका सहभाग का घेत नाहीत?

काही मैत्रिणी म्हणतील, शेजारधर्माचाही हिशेब मांडायचा का? मी दर ठरवा म्हणत नाही, नोंदवा म्हणते. नोंदवताना एक पथ्यही पाळायला हवं. सप्ताहाच्या भाकऱ्या थापायला ‘येत नाही’ म्हणायची सोय सुनेला असते का? नसते. तेव्हा ती स्वयंसेवा नव्हे, वेठ आहे. तसं स्पष्ट लिहावं. आणि कोणत्या घरच्या भाकऱ्या सप्ताहाला चालत नाहीत, हेही विचारावं.

शेवटी आपल्याकडे. आपल्या शिबिरांना कोण येतं? कॉलेजच्या मुली आणि निवृत्त शिक्षिका. आपणही संध्याकाळी सहाला बैठक ठेवतो, ऐन चुलीच्या वेळेला, आणि मग ‘वस्तीतल्या बायका येत नाहीत’ असं अहवालात लिहितो. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेल्या तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचा फोटो आपण भिंतीवर लावतो. चौकीच्या बाकावर रात्र काढणारीचं नाव मात्र आपल्या हजेरीपटावरही नाही.

खडकवासल्यात आम्ही पुढली बैठक दुपारी अडीचला, पाण्याच्या टाकीजवळ ठेवली आहे. पोरं घेऊन या, असं सांगितलंय. त्या दोन विद्यार्थिनींनाही निरोप धाडलाय : कोरे फॉर्म आणा, प्रश्न आम्ही सांगतो.