जमिनीखालची केबल आणि कागदावरची सही



उभी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये किंवा पोस्टाच्या कॉलनीत काढायची आणि निवृत्त झाल्यावर फंड-ग्रॅच्युइटीच्या पैशातून एखादा छोटा प्लॉट घ्यायचा. आपल्यापैकी बहुतेकांची जन्माची कमाई ती एवढीच. आज त्याच प्लॉटमधून कोणी टेलिफोनची केबल, कोणी डक्ट, तर कोणी गॅसची पाइप नेऊ पाहत आहे. याविषयी लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण या बाबतीत आमच्याकडूनही एक चूक झालेली आहे.

इटारसीकडे आमच्या काही निवृत्त सभासदांनी मिळून प्लॉट घेतले आहेत. मराठी, हिंदी, तेलुगू, सगळ्या भाषांचे लोक आहेत. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस एक छापील कागद घेऊन तेथे आला. हद्दीच्या कडेने केबल टाकायची आहे, सर्वांनी सह्या कराव्यात, असे त्याचे म्हणणे होते. सभासद विचारायला युनियनच्या कार्यालयात आले. आम्ही कागद वरवर पाहिला आणि सांगितले, "लोकांच्या सोयीचे काम आहे, अडवू नका." सह्या झाल्या.

दोन वर्षांनी एका निवृत्त गँगमनने संडासाच्या शोषखड्ड्यासाठी स्वतःच्याच प्लॉटमध्ये खोदकाम काढले. हातभर खाली गेल्यावर कुदळ पाइपवर बसली आणि आतली केबल तुटली. आठवडाभरात कंपनीची नुकसानभरपाईची नोटीस आली. आकडा असा होता, की त्याच्या वर्षभराच्या पेन्शनने तो फिटला नसता. तेव्हा कुठे आम्ही तो कागद नीट वाचला. त्यात केबल कुठून जाणार याचा नकाशा नव्हता, खोली नव्हती, मोबदला नव्हता. "केबलचे नुकसान झाल्यास जागामालक जबाबदार" हे वाक्य मात्र होते.

त्या वेळी उपयोगी पडले ते तार-टेलिफोन खात्यातील एक जुने केबल जॉइंटर. १९८५ मध्ये पोस्ट आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, पण हा माणूस शेवटपर्यंत दोन्हीकडचा राहिला. त्यांनी टेप लावला आणि सांगितले, "साध्या मातीत ऑप्टिकल फायबरचा चर १६५ सेंटिमीटर खोल घ्यायचा, हा आमच्या खात्याचा दंडक. इथे दोन फूटसुद्धा नाही." जवळजवळ साडेपाच फुटांच्या जागी दीड फूट! पंचांसमक्ष मोजमाप झाले, फोटो निघाले, लेखी उत्तर गेले. त्यानंतर कंपनीचे पत्र आलेले नाही. परंतु मधले चार महिने त्या कुटुंबाने कसे काढले, हे आम्ही पाहिले आहे. आमच्या एका बेफिकीर सल्ल्याची ती किंमत होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८८५ चा भारतीय तार कायदा इंग्रजांनी केलेला. खाजगी जागेतून तारा नेण्याचा अधिकार त्यात सरकारने घेतला होता. पण त्याच्या कलम १० मध्ये तीन बंधनेही होती : हक्क मिळेल तो फक्त वापराचा, मालकीचा नव्हे, नुकसान कमीत कमी करायचे, आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातील यासंबंधीच्या तरतुदी २६ जून २०२४ पासून लागू झाल्या आणि त्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून. नव्या कायद्यानेही कंपनीला जागेवर मालकी दिलेली नाही. खाजगी जागेसाठी तिने मालकाकडे अर्ज करायचा, मोबदला परस्पर ठरवून करार करायचा आणि काम झाल्यावर जागेचे नुकसान भरून द्यायचे, असेच त्यात आहे. मात्र मालकाने नकार दिला आणि सरकारला ते काम सार्वजनिक हिताचे वाटले, तर सरकार तो मार्गहक्क मिळवून देऊ शकते. गॅस आणि पेट्रोलियमच्या मोठ्या वाहिन्यांना १९६२ चा वेगळा कायदा आहे. त्यात जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला मिळतो, आणि त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाडही लावता येत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. नुसते "नाही" म्हणून भागणार नाही, आणि डोळे मिटून "हो" म्हणणे तर त्याहून वाईट. केबल देशाला हवी आहे, आपल्या मुलांनाही हवी आहे. वाट द्यावी, पण अटी लिहून घेऊन द्यावी.

अटी कोणत्या? करारात नकाशा, पट्ट्याची रुंदी आणि खोली हवी. चर बुजवण्यापूर्वी आपल्या माणसासमोर मोजणी हवी आणि वर खुणेचे दगड हवेत. मोबदला आकड्यात हवा. पुढे घर वाढवायचे झाल्यास केबल कोणी, कोणाच्या खर्चाने हलवायची, हे लिहिलेले हवे. ठरल्यापेक्षा उथळ टाकलेल्या केबलच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीची, हे वाक्य तर हवेच हवे.

रेल्वेवाल्यांना हे नवीन नाही. रुळालगत खोदायचे तर आधी सिग्नल खाते आणि वीज खाते येऊन केबलची जागा दाखवते. ही शिस्त मोडून जेसीबी चालला, की सिग्नल लाल होतो, गाड्या उभ्या राहतात आणि चार्जशीट मात्र खालच्या माणसाच्या हातात पडते. देशभर असे किती होते? विचारल्याशिवाय केलेल्या खोदाईमुळे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप सुरू करताना सांगितले.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चर खोल हवा असे आपण म्हणतो, तेव्हा त्या चरात उतरणारा माणूस कोण असतो? ठेकेदाराने दूरच्या गावाहून आणलेला मजूर, बहुधा बायकामुलांसह. भारतीय मानक ब्युरोची खोदकाम-सुरक्षेची संहिता सांगते, की दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना टेकू द्यावा आणि निघालेली माती काठापासून दूर टाकावी. १६५ सेंटिमीटरचा चर दीड मीटरहून खोल आहे. तरी टेकू दिलेला चर आम्ही क्वचितच पाहिला. माती काठावरच असते आणि पाऊस आला, की ती आत येते. आपल्या केबलसाठी खोली मागायची आणि त्या मजुरासाठी टेकू मागायचा नाही, हे कामगाराला शोभत नाही. करार आपल्या जागेचा आहे. त्यात ही अट घालण्यापासून आपल्याला कोणीही अडवू शकत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने असा कागद आलेल्या सभासदाला एकटे सोडू नये. सही करण्यापूर्वी कागद कार्यालयात आणायला सांगावा आणि पदाधिकाऱ्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आम्ही वाचला नव्हता. आता वाचतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!