छावणी राहील, कारखान्यांचे काय?

जबलपूर : संरक्षण हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीचा विषय. छावण्याही त्याच सूचीत येतात. त्यामुळे लष्करी केंद्र कोठे असावे हे दिल्ली ठरवते आणि राज्याच्या हाती निवेदने देण्यापलीकडे काही नसते, असा समज रूढ आहे. जबलपूरचे उदाहरण तो खोडून काढते.

१८७० मध्ये मुंबई व कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग येथे जुळले. सरहद्दीपासून दूर असलेल्या, नर्मदेकाठच्या या शहरात १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये वाहन कारखाना आणि पुढे ग्रे आयर्न फाउंड्री. ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्सची केंद्रे, सिग्नल प्रशिक्षण केंद्र आणि केंद्रीय आयुध भांडारही येथेच आहेत. १९५६ मध्ये नागपूरने राजधानी गमावली, पण ती गेली भोपाळला. जबलपूरला उच्च न्यायालयावर समाधान मानावे लागले. संरक्षण खाते हाच शहराचा मोठा आधार राहिला.

मात्र पलटणी आणि कारखाने यांचे भवितव्य एकाच मापाने मोजता येत नाही. पलटणीला जमीन व सरावाची जागा लागते, तर कारखाना मागणीवर जगतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. जबलपूरचे चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. त्यांची मुख्यालये पुणे, नागपूर, कानपूर व अवडी येथे आहेत. मध्य प्रदेशात एकही नाही. संपाचा मार्ग रोखणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात संमत झाला होता. नवी व्यवस्था कंपन्यांकडून स्पर्धेची अपेक्षा ठेवते आणि लष्करी मालमोटारी तर खासगी उद्योगही बनवू शकतात.

राज्याची खरी कसोटी येथे लागते. २०१८ मध्ये केंद्राने उत्तर प्रदेश व तामिळनाडूत संरक्षण उद्योग कॉरिडॉर जाहीर केले. चार कारखाने असूनही जबलपूर त्यात नव्हते. लखनौत राज्य सरकारने दिलेल्या ८० हेक्टर जमिनीवरील ब्राह्मोस प्रकल्पाचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले. जबलपूरकडे ११४ 'धनुष' तोफांची मागणी होती. पहिल्या सहा तोफा एप्रिल २०१९ मध्ये लष्कराला मिळाल्या. पण त्याआधी, २०१७ मध्ये, चिनी बेअरिंग जर्मन म्हणून पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयने दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला होता. तोफ जबलपूरची आणि सुटे भाग दूरवरचे, ही या शहराची जुनी उणीव आहे.

ती भरून काढणे केंद्रसूचीतले काम नव्हे. औद्योगिक भूखंड, पाणी, रस्ते, तंत्रशिक्षण ही राज्याच्या आवाक्यातील कामे आहेत. दारूगोळा कारखान्याभोवती वस्ती वाढू न देणे नगररचनेच्या हाती आहे. वस्ती भिंतीला भिडली की स्थलांतराची मागणी पुढे येते. जवानांच्या व कामगारांच्या कुटुंबांसाठी शाळा, रुग्णालये आणि चांगली विमानसेवा यांचेही वजन बदलीच्या व गुंतवणुकीच्या निर्णयात पडते.

खासदार शून्य प्रहरात नव्या प्रकल्पाची मागणी करतात, त्याची बातमीही होते. परंतु असलेले कारखाने टिकवण्याचा निर्णय साउथ ब्लॉकइतकाच भोपाळच्या मंत्रालयातही होणार आहे. तेथे पुरवठादार उद्योगांसाठी पहिला भूखंड केव्हा मोजला जातो, याकडे जबलपूरच्या कामगारांनी लक्ष ठेवलेले बरे.