गणिताचे पाणी आणि नदीचे पाणी

समुद्रावरील वाऱ्याचे गणित मांडणारे शास्त्रज्ञ ते तरंगत्या बोयांवरील नोंदींशी ताडून पाहतात. सरासरी चूक शून्य आली म्हणून ते थांबत नाहीत. कारण कमीजास्त चुका एकमेकींना खोडूनही शून्यच उरते. खरी परीक्षा वादळाच्या दिवशी होते.

हीच कसोटी धार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या निसरपूरला लावून पाहावी. पुराच्या वेळी धरणाचा जलाशय सपाट राहत नाही. वरच्या अंगाला पाणी फुगते. सरदार सरोवराच्या या फुगवट्याचे गणित पुढे सुधारण्यात आले आणि सुमारे सोळा हजार कुटुंबे बुडिताच्या यादीतून वगळली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. निसरपूरची मोठी वस्ती पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२३ च्या पुरात यादीबाहेरच्या घरांतही पाणी शिरल्याची तक्रार विस्थापितांनी केली.

सपाट काठावर गणितातील हातभर चूक म्हणजे एखादी आळीच. म्हणून प्रत्येक पुराची पातळी गावोगावी खांबांवर नोंदवावी, ती गणिताशेजारी मांडावी आणि तफावत दिसताच यादी पुन्हा तपासावी.